कारखान्यातील नोकरी : सोडावी की धरून ठेवावी?

कारखान्यात दहाबारा वर्षे काढलेला माणूस "नोकरी सोडू का?" असे विचारू लागला, म्हणजे त्याला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, "हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस." बरोबरीचे मित्र म्हणतात, "आयुष्य काय पुन्हापुन्हा मिळते? कर हिंमत!" दोन्ही उत्तरे देणाऱ्यांच्या खिशातून काही जात नसल्यामुळे ती झटकन दिली जातात. प्रश्न विचारणारा मात्र दोन्ही ऐकून घरी जातो, रात्रपाळीचा डबा भरतो आणि पुन्हा बसच्या थांब्यावर उभा राहतो. वर्षभराने तो पुन्हा हाच प्रश्न विचारतो. या प्रश्नाचे सरसकट उत्तर असूच शकत नाही. तथापि तो कसा मांडावा, त्याची फोड कशी करावी आणि त्यातला कोणता भाग आकड्यांनी सुटतो व कोणता सुटत नाही, एवढे सांगता येण्याजोगे आहे, आणि आज तेवढेच करण्याचा माझा विचार आहे.

विषय फार पसरू नये म्हणून मी एकाच क्षेत्रातले उदाहरण घेतो, आणि ते ज्या क्षेत्रात मी स्वतः पाळीवर काम केले त्या रासायनिक उद्योगातले घेतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतरच्या काळात तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा ठिकाणी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आयटीआयमधून रासायनिक संयंत्राचा परिचर होऊन बाहेर पडलेला मुलगा, रसायनशास्त्राचा पदवीधर, डिप्लोमा झालेला अभियंता, अशा हजारो तरुणांची पहिली नोकरी या वसाहतींतच झाली. यांतील पुष्कळांच्या घरात महिन्याच्या महिन्याला ठरावीक रक्कम आणणारा तो पहिलाच माणूस होता. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर नोकरी सोडण्याच्या प्रश्नाला घरात एवढे वजन का येते, हे कळावयाचे नाही.

प्रथम या नोकरीचे स्वरूप पाहू. कचेरीला कुलूप लावता येते. अखंड चालणाऱ्या संयंत्राला लावता येत नाही. रिॲक्टरमध्ये माल चढला, तापमान वाढू लागले, की दिवाळी असो की घरचे लग्न असो, कोणीतरी त्याच्यापाशी असावेच लागते. म्हणून तीन पाळ्या आल्या, आणि पाळीबरोबर रिलीव्हर आला. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही तर पहिल्या पाळीच्या माणसाला जागा सोडता येत नाही. घड्याळात तीन वाजले तरी त्याचे तीन वाजलेले नसतात. बाहेरच्या माणसाला हे बंधन समजत नाही. पण याच बंधनातून एक प्रकारचा अभिमानही निर्माण होतो. आपल्या पाळीत काही बिघडले नाही, लॉगबुक नीट भरले, पुढच्याच्या हाती चालते संयंत्र दिले, याचे समाधान खरे असते. नोकरी सोडणाऱ्याला पुढे ज्या गोष्टींची आठवण येते, त्यांत पगाराखालोखाल याच समाधानाचा क्रमांक लागतो, असे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे.

या नोकरीची दुसरी बाजू शरीराची आहे. आपल्या शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. ते पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सूर्यावर चालते, हजेरीपटावर चालत नाही. रात्रपाळीचा कामगार दिवसा झोपतो खरा. पण ती झोप तुटक आणि उथळ असते, कारण शरीर त्या वेळी जागे राहण्याच्या तयारीत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली दिनचक्र बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्ककारक' या गटात घातले, आणि २०१९ साली पुन्हा तपासणी करून रात्रपाळीच्या कामाबद्दल तोच निर्णय कायम ठेवला. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला रोग होतो असा नव्हे. 'बहुधा' हा शब्द शास्त्रज्ञांनी मोजून वापरलेला आहे, आणि आपणही तो मोजूनच घ्यावा. अमेरिकेतील थ्री माईल आयलंडचा अपघात १९७९ साली पहाटे चारच्या सुमारास झाला, भोपाळची वायुगळती १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधील रात्री झाली, चेर्नोबिलचा स्फोट १९८६ साली रात्री १ वाजून २३ मिनिटांनी झाला. या तिन्ही दुर्घटनांची मूळ कारणे यंत्ररचनेत, देखभालीत आणि व्यवस्थापनात होती, हे चौकश्यांतून दिसून आले आहे. तरी त्या वेळी जी माणसे जागी होती ती कोणत्या अवस्थेत काम करीत होती, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पंचविसाव्या वर्षी रात्रपाळी जड जात नाही. चाळिशीच्या आसपास ती जाणवू लागते. नोकरी सोडण्याचा प्रश्न पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान एवढ्या जणांना का पडतो, याचे एक साधे कारण येथे आहे. मात्र येथेच पहिली फोड करावयास हवी. ज्याला झोपेने बेजार केले आहे, त्याला नोकरी सोडावयाची आहे की पाळी सोडावयाची आहे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्याच कारखान्यात प्रयोगशाळेत, भांडारात, देखभाल विभागात, नियोजनात दिवसाच्या जागा असतात. जनरल शिफ्ट मिळाली तर पाळीभत्ता जातो, ओव्हरटाइम जातो. पण सेवा अखंड राहते. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे पुढे सरकणारा असेल तर तो शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोसतो, हेही पुष्कळ ठिकाणी माहीत नसते. क्रम बदलून घेण्यास कारखान्याला फारसा खर्च पडत नाही. तो कोणी मागितलेला नसतो, एवढेच.

दुसरी फोड मनाची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांना प्रश्न विचारून १९५९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. कामावर तुम्हाला फार बरे कधी वाटले आणि फार वाईट कधी वाटले, एवढेच त्यांनी विचारले होते. उत्तरे जुळवून पाहता असे दिसले, की वाईट वाटण्याची कारणे बहुधा वरिष्ठांची वागणूक, कंपनीची धोरणे, पगार, कामाची जागा अशी होती; बरे वाटण्याची कारणे मात्र वेगळीच होती. ती हातून झालेले काम, मिळालेली शाबासकी, अंगावर पडलेली जबाबदारी, खुद्द कामातली गोडी अशी होती. म्हणजे त्रास दूर झाला की आनंद आपोआप येतो असे नाही. या सिद्धांतावर पुढे टीका झाली, आणि ती मला पटते: चांगले झाले की श्रेय स्वतःकडे घ्यावे आणि वाईट झाले की दोष परिस्थितीला द्यावा, हा मनुष्यस्वभावच आहे, त्यामुळे उत्तरे अशी दोन राशींत पडणारच. तरी आपल्या कामापुरता हा भेद फार उपयोगी आहे. एका कागदावर आपल्या तक्रारी लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे विचारावे, "हे उद्या दुरुस्त झाले तर मी राहीन का?" साहेब बदलला तर मी राहीन, असे उत्तर आले तर प्रश्न साहेबाचा आहे, आणि साहेब बदलतात. सगळे दुरुस्त झाले तरी मला येथे राहावयाचे नाही, असे उत्तर आले तर ते गंभीर आहे. मग कामच आपले नव्हे, हे मान्य करावयास हरकत नाही.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली या गोष्टीकडे आणखी एका दिशेने पाहिले. एखादी संस्था बिघडू लागली तर तिच्यातील माणसापुढे दोन वाटा असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. कोणती वाट तो घेतो हे त्याच्या निष्ठेवर बरेच अवलंबून असते. हर्शमन यांचे मर्मभेदक निरीक्षण असे, की चांगल्या कामाची ज्यांना सर्वांत अधिक चाड असते, तीच माणसे बहुधा प्रथम बाहेर पडतात, आणि त्यामुळे मागे आवाज उठविणारे कोणी उरत नाही. आपल्याकडील कारखान्यांत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. झडपांची गळती वारंवार लॉगबुकात लिहिणारा माणूस सोडून गेला, की लॉगबुकातील शेरे कमी होतात. गळती कमी होत नाही.

येथे एक अपवाद स्पष्टपणे सांगितला पाहिजे. काम कंटाळवाणे असणे आणि काम धोक्याचे असणे या सारख्या गोष्टी नव्हेत. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले. जीवितास किंवा आरोग्यास तातडीचा धोका आहे असे वाजवीपणे वाटल्यास तसे वरिष्ठांच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क त्यात मान्य झाला. सुरक्षा झडपा बंद करून ठेवल्या आहेत, परवाना न काढता टाकीत माणसे उतरविली जातात, असे जेथे नित्याचे असेल तेथे तक्रार लेखी करावी, आणि ती केल्यावरही काही हलत नसेल तर ग्रॅच्युइटीचे वर्ष पुरे होण्याची वाट पाहत बसू नये. पुढे येणारा सारा हिशेब, ज्याची नोकरी कष्टाची पण सुरक्षित आहे, त्याच्यासाठी आहे.

आता हिशेबाकडे वळू. आपल्या समाजात पैशाविषयी मोकळेपणाने बोलण्याची रीत नाही, आणि म्हणून या बाबतीत गैरसमज फार. एक मोठा गैरसमज असा, की नोकरी सोडली तर आजवरचे सगळे बुडते. दुसरा तितकाच मोठा गैरसमज असा, की काहीच बुडत नाही.

ग्रॅच्युइटी ही एकाच मालकाकडील सेवेशी बांधलेली असते. १९७२ च्या कायद्याने ती आली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती कायम राहिली आहे. कायम कामगाराला राजीनामा देताना ती मिळण्यास पाच वर्षांची अखंड सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांना नव्या संहितेने एका वर्षानंतरच तिचा हक्क दिला आहे. तिचे गणित सोपे आहे. शेवटचा मासिक पगार २६ ने भागून १५ ने गुणावयाचा, आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावयाचे. समजा, ग्रॅच्युइटीसाठी धरावयाचा पगार ३९,००० रुपये आहे. एका वर्षाचे २२,५०० झाले. बारा वर्षांचे २,७०,००० झाले. ही रक्कम राजीनाम्यानेही मिळते, फक्त पाच वर्षे भरलेली हवीत. तेव्हा ज्याची चार वर्षे आणि काही महिने झाले आहेत त्याने थोडे थांबण्यात शहाणपण आहे. ज्याची बारा वर्षे झाली आहेत त्याने "ग्रॅच्युइटी जाईल" म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

निवृत्तिवेतनाची गोष्ट वेगळी आहे. भविष्यनिर्वाह निधीला जोडलेली निवृत्तिवेतन योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाली. तिला दहा वर्षांची सेवा लागते. पण ही सेवा एकाच मालकाकडची असावी लागत नाही. एका कारखान्यातील सहा वर्षे आणि दुसऱ्या आस्थापनेतील चार वर्षे मिळून दहा होतात, फक्त खाते पुढे नेलेले असावे, मध्येच पैसे काढून मोडलेले नसावे. पुष्कळ तरुण नोकरी बदलताना पहिले खाते मोडून मोटारसायकल घेतात. त्यांची पुढची वर्षे पुन्हा एकपासून मोजली जातात. आता निवृत्तिवेतन किती मिळते तेही पाहू. सप्टेंबर २०१४ पासूनची १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर पगार गुणिले वर्षे भागिले ७० या सूत्राने दहा वर्षांच्या सेवेचे महिना सुमारे २,१४३ रुपये होतात, आणि तेही अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के घट सोसावी लागते. एवढ्या रकमेसाठी नावडत्या कामात वीस वर्षे काढावीत का, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते निवृत्तिवेतनाची भीती ही पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या भीतीने घातलेला अंगरखा असते.

खरा खड्डा वेगळीकडे असतो. पगारपत्रकावर न दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे कारखान्याची बस, कँटीनचे जेवण, कंपनीचा खोलीवजा का होईना क्वार्टर, गटविमा, आणि ज्यांचे वेतन मर्यादेच्या आत आहे त्यांना राज्य कामगार विम्याचा दवाखाना. नोकरी सुटली की या सगळ्यांचे बिल एकदम घरावर येते. याखेरीज बँक कर्ज देते ते पगारपत्रकावर. घराचे कर्ज काढावयाचे असेल तर नोकरी सुटल्यावर बँकेत पाऊल टाकण्याची वेळ फार वाईट. दुसऱ्या बाजूला, पगारात पाळीभत्ता आणि ओव्हरटाइम किती, हे वेगळे काढून पाहावे. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो म्हणून तो गोड लागतो, आणि घरखर्च हळूहळू त्याच्यावर बेतला जातो. नव्या व्यवसायाच्या उत्पन्नाची तुलना करताना एकूण आकड्याशी न करता आठ तासांच्या पगाराशी करावी. कारण बारा तास राबलो तर आपण दुसरीकडेही काही कमावूच. घरचा वर्षभराचा किमान खर्च हाताशी असल्याखेरीज जेथे पगार ठरलेला नाही अशा व्यवसायात उडी घेऊ नये, हा माझा ढोबळ दंडक आहे. सहा महिने पुरतात असे म्हणणारे लोक आहेत. मी ज्यांना नवा धंदा उभा करताना पाहिले, त्यांच्यापैकी कोणाचेही गिऱ्हाईक सहा महिन्यांत बसले नाही.

जावे कोठे, हा प्रश्न आता येतो. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण कारखान्यातील मंडळी फार प्रेमाने उच्चारतात, विशेषतः रात्री तीनच्या चहाला. गावाकडे दोन एकर आहेत, तेथे आंबा लावीन, पोल्ट्री घालीन, असे बेत त्या चहाबरोबर रंगतात. दुरून डोंगर साजरे असतात, आणि धुराड्याच्या वरून पाहिले तर अधिकच साजरे दिसतात. शेती वाईट असे मी म्हणत नाही. पण ज्याने पंधरा वर्षे ठरावीक तारखेला पगार घेतला, त्याला मृगाच्या पावसावर अवलंबून राहण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागते, आणि ती चाळिशीत लागणे कठीण असते.

याउलट, शेजारच्या व्यवसायांकडे फारसे कोणी पाहत नाही. संयंत्रावर दहा वर्षे काढलेल्या माणसापाशी जे ज्ञान असते त्याची किंमत त्यालाच माहीत नसते. कोणता पंप कोणत्या आवाजानंतर बंद पडतो, कोणत्या वेळी माणसे नियम मोडतात, परवाना नुसता सहीपुरता कसा होतो, हे पुस्तकांत सापडत नाही. औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळामार्फत घेता येते, आणि पात्रता असेल त्याला सुरक्षा अधिकाऱ्याचे काम मिळू शकते. ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१ साली झाला. त्यानुसार ऊर्जा व्यवस्थापक व ऊर्जा लेखापरीक्षक यांच्या राष्ट्रीय परीक्षा होतात, आणि वाफ, संपीडित हवा व शीतकरण यांच्यात हात काळे केलेल्या अभियंत्याला त्या जड जात नाहीत. आयटीआयमध्ये शिकविण्यासाठी निदेशक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. यंत्रसामग्री व रसायने विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या संयंत्राची भाषा समजणारी माणसे हवी असतात. तेथे पगार बरा, पण फिरती फार. या साऱ्या वाटा रात्रीच्या चहाला रंगतदार वाटत नाहीत, हे मला कबूल आहे. त्यांत पहिल्या दिवसापासून आपल्या जुन्या वर्षांचा भाव मिळतो, एवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे.

ज्यांचा जीव मात्र अगदीच वेगळ्या गोष्टीत आहे, त्यांच्यासाठी दोन उदाहरणे सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक होते. नोकरीत असतानाच ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला आपल्या बंधूंकडे, रामुअण्णांकडे, पाठवीत आणि बंधू त्या तेथे विकीत. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. पण सोडली तेव्हा बेळगावात दुकान मांडण्याइतकी जमीन पायाखाली तयार होती. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी तो घेईनात, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे गेली. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली. त्यांच्या धाडसाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. सायकलींच्या त्या पार्सलांची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि आपल्या प्रश्नाला तीच अधिक जवळची आहे.

दुसरे उदाहरण इटलीतील रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेव्ही यांचे. आउश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत परतल्यावर त्यांनी आपला अनुभव लिहून काढला. मोठ्या प्रकाशनसंस्थेने नकार दिला. १९४७ साली एका लहान प्रकाशकाने २,५०० प्रती काढल्या, आणि पुस्तक फारसे गाजले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस लेव्ही तुरिनजवळच्या रंग व व्हार्निशच्या एका कारखान्यात रुजू झाले. तेथे ते जवळजवळ तीस वर्षे राहिले आणि व्यवस्थापकपदापर्यंत चढले. १९५८ साली त्याच मोठ्या संस्थेने पुस्तक पुन्हा काढले, नाव झाले, पुढची पुस्तके आली. तरी त्यांनी कारखाना लगेच सोडला नाही. मुलाबाळांचा संसार होता, आणि लेखनावर चरितार्थ चालविण्याची त्यांना खात्री वाटत नव्हती. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी लिहीत राहून १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते त्या पदावरून दूर झाले. याच सुमारास, १९७५ साली, त्यांचे मूलद्रव्यांच्या नावांनी प्रकरणे असलेले पुस्तक आले, आणि ते कारखान्यातील वर्षांवाचून लिहिता आले नसते. लेव्हींनी फार उशीर केला असे म्हणणारे म्हणू शकतील. मला तसे छातीठोकपणे म्हणवत नाही.

आपण ठरविण्याआधीच दुसऱ्यांनी ठरवून टाकले तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला पुन्हा साच्यावर उभे राहता आले नाही. त्यांना दुसऱ्या व्यवसायाचा विचार करावा लागला तो हाती काही नसताना, आणि गावी परतावे लागले ते मन तयार नसताना. म्हणून ज्याचा कारखाना डळमळू लागला आहे, मालाची मागणी घटते आहे, देखभालीचा खर्च पुढे ढकलला जातो आहे, स्वेच्छानिवृत्तीची भाषा कानावर येते आहे, त्याने सोडावे की न सोडावे हा विचार आजच करावा. स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली तर तीत किती मिळते याच्याइतकेच, ती नाकारल्यावर दोन वर्षांनी कारखाना असेल का, हे विचारणे आवश्यक असते.

इतका सारा हिशेब करूनही पारडी समसमान राहतात, असे पुष्कळांचे होते. त्यांच्यासाठी एक चमत्कारिक प्रयोग सांगतो. स्टीव्हन लेव्हिट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने संगणकावर एक नाणे ठेवले आणि नोकरी सोडू की नको यासारख्या निर्णयावर अडलेल्या लोकांना ते उडविण्यास बोलाविले. २०,००० हून अधिक वेळा नाणे उडविले गेले. 'बदल करा' असा कौल मिळालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी खरोखरच बदल केला, आणि सहा महिन्यांनी विचारले असता मोठ्या निर्णयांच्या बाबतीत बदल करणारे, न करणाऱ्यांपेक्षा अधिक सुखी असल्याचे आढळले. हे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. ते लोक स्वतःहून आलेले होते आणि नाण्याचे ऐकण्याइतके मोकळे होते, हे विसरता कामा नये. घरी आईवडील, बायको, दोन मुले आणि सोसायटीचे कर्ज असलेल्या माणसाने नाणे उडवावे असे मी सुचवीत नाही. पण पारडी खरोखरच समान असतील तर माणूस राहण्याच्या बाजूला जरा अधिक झुकतो, एवढा बोध त्यातून घेता येतो. राहणे हा निर्णय वाटत नाही. प्रत्यक्षात तो दर महिन्याला नव्याने घेतलेला निर्णय असतो.

घरच्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. हा निर्णय पत्नीला राजीनाम्यानंतर सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत. ज्या घरात रात्रपाळीमुळे दिवसा मुलांना गप्प बसविले गेले, सणावारी एकटीने सारे निभावले गेले, त्या घराने ही नोकरी अर्धी केलेलीच असते. तेव्हा ती सोडण्याच्या विचारातही त्याचा वाटा असावा. स्त्रियांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना रात्रीच्या कामास सर्वसाधारणतः मनाई केली होती, त्यामुळे रसायनशास्त्र शिकलेल्या मुली प्रयोगशाळेपर्यंत येत आणि संयंत्राच्या पाळीपर्यंत, म्हणजे बढतीच्या मुख्य वाटेपर्यंत, पोहोचत नसत. नव्या संहितेने त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर रात्रीचे काम खुले केले आहे. एखाद्या बाईने येथे पुढे वाट नाही म्हणून सोडण्याचे ठरविले असेल, तर ती वाट आता उघडली आहे का, हे तिने प्रथम विचारून घ्यावे.

ठरले, तर सोडावे नीट. आधी नव्या कामाची चव घ्यावी. साप्ताहिक सुट्टीत, रजा काढून, कोणाच्या तरी हाताखाली महिनापंधरवडा करून पाहावे; मात्र नेमणूकपत्रात दुसरा उद्योग करण्यास मनाई आहे का, हे वाचून मगच. नोटिशीची मुदत पुरी करावी. रागाच्या भरात पाळीवर जाणे बंद करणारा माणूस आपले अनुभवाचे प्रमाणपत्र आणि पुढच्या मालकाने चौकशी केली तर मिळणारा चांगला शब्द, दोन्ही गमावतो. शटडाऊनच्या ऐन तोंडावर राजीनामा देऊ नये. पुढे आपल्याला त्याच वसाहतीत काम मागावयाचे असते, आणि वसाहती लहान असतात. आपल्या हाताखालच्या मुलाला शेवटच्या महिन्यात लॉगबुकात नसलेल्या गोष्टी सांगून ठेवाव्यात : कोणता मापक दोन अंश जास्त दाखवितो, पावसाळ्यात कोणत्या नाल्याचे पाणी चढते.

कागदपत्रांचे म्हणाल तर राजीनाम्यानंतर वेतनाची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यावी असे वेतन संहिता सांगते, आणि ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळावयास हवी. उशीर झाल्यास तिच्यावर व्याज मागता येते. सेवेचा दाखला, शेवटची पगारपत्रके, आयकराचा दाखला आणि असल्यास बॉयलरचे व इतर प्रावीण्याचे दाखले एका फाइलीत लावून ठेवावेत. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख मालकाने नोंदविली आहे का, ते महिन्याभराने पाहावे. नोंदविली नसेल तर दोन महिन्यांनंतर ती आपली आपण नोंदविता येते. ही सोय २०२० पासून आहे, आणि तारीख नोंदल्याखेरीज खाते पुढच्या ठिकाणी नेताना अडचण येते.